जुन्या एसएच-१०१ चा फिल्टर बाहेरून हलवायचा कसा: घरच्या घरी करता येईल असं पहिलं मॉड

गोव्यात जुने सिंथ (सिंथेसायझर) अजून निघतात, म्हणजे शोधायला गेलात तर नाही, असेच अचानक. बोटीवरच्या बँडात वाजवणारा कोणी रिटायर होऊन घरी बसतो आणि माळ्यावरचं सामान काढायला घेतो, तियात्राच्या (कोंकणी नाटकाच्या) बँडात पूर्वी कीबोर्ड वाजवणाऱ्यांच्या मुलांना घर रंगवायचं असतं, हणजूण-वागातोरच्या बाजूला सीझन संपवून परत जाणारा परदेशी माणूस जड सामान इथेच विकून मोकळा होतो. अशातून रोलँडचा एसएच-१०१ किंवा त्याच्याच जातीचं काही तुमच्या हाताला लागलं असेल आणि सोल्डरिंग आयर्न धरायची फार भीती वाटत नसेल तर पुढचं वाचा.

मॉड म्हणजे मशिनीत आपण केलेला बदल, आणि इथे काम एकच करायचंय. फिल्टरचा कटऑफ बाहेरून व्होल्टेज देऊन हलवता आला पाहिजे, मग ते व्होल्टेज पायाखालच्या पेडलने द्या, दुसऱ्या सिंथच्या एलएफओने (संथ झुलणारं व्होल्टेज देणारा भाग) द्या नाहीतर सिक्वेन्सरने (सुरांची ओळ आपोआप वाजवणारं यंत्र). एसएच-१०१ च्या मागे सूर बदलायला सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज) इन आहे, सूर चालू-बंद करायला गेट इन आहे, आर्पेजिओ चालवायला क्लॉक इन आहे, पण फिल्टरसाठी काहीच नाही. ही एक उणीव सोडली तर मशीन अप्रतिम आहे. १९८२ चं मॉडेल, ३२ कीज, एका वेळी एकच सूर, आणि २४ डीबीचा (दर सप्तकामागे २४ डेसिबल छाटणारा) फिल्टर ज्यातली आयआर३१०९ ही चिप ज्युनो-६० आणि ज्युपिटर-८ मध्येपण सापडते. गोवा ट्रान्स म्हणून जे जगभर गेलं त्यातला तो चिकट, वळवळणारा आवाज टीबी-३०३ आणि एसएच-१०१ सारख्या मशिनींच्या फिल्टरमधून आलेला आहे. मशिनी असायच्या युरोपातल्या स्टुडिओत, इथे समुद्रावर यायच्या त्या डॅट टेप (डिजिटल ऑडिओ कॅसेट), म्हणजे आवाज आपल्याकडे वाजला पण तो बनवणारं यंत्र आपल्यातल्या फार थोड्यांनी जवळून बघितलं. म्हणून एखादं हाताला लागलं तर ते नीट सांभाळून, समजून घेऊन वापरावं असं मला मनापासून वाटतं.

आणि म्हणूनच पहिला नियम: काही कापायचं नाही, काही काढून टाकायचं नाही. फक्त जोडायचं. उद्या कोणाला सिंथ परत मूळ रूपात हवा झाला तर दोन टाके (सोल्डरचे जोड) काढले की झालं असं काम पाहिजे.

फिल्टर थोडक्यात

ऑसिलेटर जो आवाज काढतो तो भरगच्च असतो, फिल्टर त्यातला वरचा भाग छाटतो. कुठून छाटायचं तो कटऑफ, आणि छाटतो त्या जागेवर आवाज किती टोकदार करायचा तो रेझोनन्स. रेझोनन्स पूर्ण वर नेला की एसएच-१०१ चा फिल्टर स्वतःच शिट्टी मारायला लागतो, ऑसिलेटर बंद असला तरी. ही शिट्टी पुढे आपल्याला मोजमाप करायला उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

कटऑफ हलवणारे स्लाइडर पुढच्या पॅनेलवर आहेत: फ्रिक्वेन्सी, एन्व्हलप (सुरासोबत चढणारं-उतरणारं व्होल्टेज), मॉड (इथे मॉड्युलेशन, म्हणजे एलएफओची हालचाल), कीबोर्ड. शिवाय डाव्या हाताच्या बेंडरलाही (सूर वाकवायची दांडी) फिल्टरचा वेगळा स्लाइडर आहे. आता खरंच सांगतो, आधी आठवडाभर हा बेंडरच फिल्टरवर लावून वाजवून बघा. बेंडरचा व्हीसीओ (ऑसिलेटर) स्लाइडर शून्यावर, व्हीसीएफचा (फिल्टर) वर, आणि डाव्या हाताने फिल्टर उघड-बंद करा. पुष्कळ जणांना एवढ्यानेच पुरतं, आणि मग सिंथ उघडायची गरजच राहत नाही. पण बेंडर हात सोडला की मध्ये येतो, एका जागी थांबत नाही, आणि डाव्या हाताला दुसरं काही वाजवायचं असेल तर अडलंच. तिथे मॉड पाहिजे.

सामान

पंचवीस वॅटचं साधं आयर्न चालतं, सोल्ड्रॉनचं असेल तर उत्तम, बारीक टोकाचं बिट घ्या. ६०/४० सोल्डर वायर बारीक जाडीची, डिसोल्डर विक, छोटा कटर, मल्टिमीटर (हा चांगला घ्या, बाकी सगळं स्वस्त चालेल), आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक जुना टूथब्रश. पार्टमध्ये ३.५ एमएमचा मोनो जॅक स्विचवाला, १०० के (किलोओहम) चा एक पॉट (फिरवायचा पोटेन्शिओमीटर), १०० के आणि ६८ के चे दोन-चार रेझिस्टर, पातळ मल्टिस्ट्रँड वायर दोन रंगांची, हीटश्रिंक, दोन हुक क्लिपवाल्या टेस्ट लीड, आणि पेन्सिल सेल.

पॉट घेताना त्यावर बी१००के लिहिलेलं बघा. बी म्हणजे लिनियर, ए म्हणजे लॉग, व्हॉल्यूमसाठी असतो तो. दुकानात सांगितलं नाही तर हटकून व्हॉल्यूमवालाच हातात ठेवतात. रेझिस्टर, वायर, सोल्डर पणजी, म्हापसा, मडगावला टीव्ही-अँप्लिफायर रिपेअरवाल्यांना लागतं ते सामान विकणाऱ्या दुकानात मिळून जातं, स्विचवाले चांगले जॅक मात्र बहुतेक ऑनलाइन मागवावे लागतात, किंवा कोणी मुंबईला जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा. मागवताना जॅक दोन-तीन जास्तच मागवा, शिकताना एखादा वितळतो.

करंटबद्दल

नवख्याने एसएच-१०१ वरच सुरुवात करावी असं मी का म्हणतो, तर हा सिंथ ९ व्होल्टवर चालतो. आत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नाही, २३० व्होल्ट आत येतच नाहीत. आत एक डीसी-डीसी कन्व्हर्टर आहे जो या ९ व्होल्टमधून सर्किटला लागणारी प्लस-मायनस व्होल्टेज बनवतो, पण ती माणसाला धक्का देण्याइतकी नाहीत. ज्युनो-६० किंवा ज्युपिटरसारख्या मशिनीत मेन्स थेट आत येतो, त्या पहिल्या कामाला घेऊ नका. अजून एक, जपानी बाजारातल्या मशिनी १०० व्होल्टच्या असतात, मागचं लेबल न वाचता आपल्या सॉकेटात लावली की संपली. एसएच-१०१ बरोबर आलेला जुना अडॅप्टर १०० किंवा ११७ व्होल्टचा असू शकतो, त्याच्यावर काय छापलंय ते बघा, आणि नवा घेणार असाल तर सिंथच्या सॉकेटजवळ जी पोलॅरिटीची खूण आहे तीच अडॅप्टरवर आहे ना हे जुळवून घ्या, कारण बाजारातले बरेच अडॅप्टर मध्ये प्लसवाले असतात आणि याला मध्ये मायनस लागतं.

मॉडचं काम करताना तर मी म्हणेन अडॅप्टर बाजूलाच ठेवा आणि सहा मोठे सी साइजचे सेल घाला. मेन्सशी संबंधच राहत नाही, हम नाही, आणि मध्येच लाइट गेली तरी काही बिघडत नाही. सोल्डरिंग करताना मात्र सेल काढलेले पाहिजेत. प्रत्येक वेळी. जुन्या घरात टू-पिन सॉकेट असतात, अर्थिंग नसतं, अशा ठिकाणी आयर्नच्या टोकाला थोडी गळती असू शकते आणि जुन्या चिपना ती सोसत नाही, म्हणून अर्थ असलेलं थ्री-पिन सॉकेट बघून तिथेच टेबल लावा, स्वयंपाकघरात असलं तरी चालेल.

उघडताना

आधी मोबाइलने फोटो काढा, प्रत्येक पायरीला. खालचे स्क्रू काढून एका वाटीत. चाळीस वर्षांचं प्लास्टिक आहे, आतले स्क्रू जिथे बसतात ते खांब ठिसूळ झालेले असतात, परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात बसला की मग हलक्या हाताने आवळा. दोन भाग वेगळे करताना ओढू नका, मध्ये वायरी आहेत. पुस्तक उघडतो तसं हळू उघडून दोन्ही भाग टॉवेलवर आडवे ठेवा, अशा जागी की सेल घातल्यावर सिंथ उघडा असतानाच चालू करता येईल.

रोलँडने काढलेल्या सर्विस नोट्स नेटवर शोधल्या की मिळतात, त्यातला सर्किट डायग्राम प्रिंट मारून घ्या, मोठा, ए३ वर. मोबाइलच्या स्क्रीनवर बघून हे काम होत नाही.

तो एक जोड शोधायचा

इथे सगळा खेळ आहे, सावकाश वाचा.

कटऑफ ठरवणारी चार-पाच वेगवेगळी व्होल्टेज आहेत, म्हणजे फ्रिक्वेन्सी स्लाइडरचं, एन्व्हलपचं, एलएफओचं, कीबोर्डचं, बेंडरचं. ही सगळी आपापल्या रेझिस्टरमधून एकाच बिंदूला येऊन मिळतात, कुळागरात (सुपारीच्या बागेत) चारी बाजूंचे पाट एकाच तळीत येऊन पडावेत तशी, आणि तळीत किती पाणी झालं त्यावर फिल्टर किती उघडणार ते ठरतं. या बिंदूला समिंग पॉइंट म्हणतात. आपल्याला फक्त अजून एक पाट आणून तिथे सोडायचाय. जवळपास सगळ्या जुन्या अॅनालॉग सिंथमध्ये फिल्टरची रचना याच तत्त्वावर असते, म्हणून हे एकदा कळलं की दुसऱ्या मॉडेललाही हेच डोकं चालतं.

डायग्राममध्ये फिल्टरची चिप शोधा, तिच्या कंट्रोलच्या पायापासून उलटं मागे या, जिथे चार-पाच रेझिस्टरची टोकं एका रेषेला लागलेली दिसतील तो बिंदू. पेन्सिलने गोल करा. मग त्या रेझिस्टरचे नंबर बोर्डावर शोधा. कीबोर्डच्या स्लाइडरकडून येणारा रेझिस्टर कुठला आहे तो खास लक्षात ठेवा, त्याची किंमतही लिहून घ्या.

आता नुसत्या कागदावर विश्वास ठेवू नका, मीटरने खात्री करा. सेल घाला, सिंथ चालू करा, होल्ड दाबून एक सूर वाजत ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी लीड आउटपुट जॅकच्या बाहेरच्या भागाला, म्हणजे ग्राउंडला. लाल लीडने फ्रिक्वेन्सी स्लाइडरकडून येणाऱ्या रेझिस्टरच्या स्लाइडरकडच्या टोकाला टेकवा आणि स्लाइडर वर-खाली करा: व्होल्टेज चांगलं व्होल्टमध्ये हलेल. आता त्याच रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला टेकवा. स्लाइडर हलवला, आवाज उघडला, पण मीटर जवळजवळ हललाच नाही, शून्याच्या आसपासच मिलिव्होल्टमध्ये राहिला, तर समजा सापडला. नवख्या माणसाला इथे वाटतं मीटर बिघडला. बिघडलेला नाही, तो बिंदू तसाच असायला पाहिजे. काही सिंथमध्ये तिथे ऑप-अँप (एक अॅम्प्लिफायर चिप) बसलेला असतो जो आपल्या इनपुटला शून्यावर धरून ठेवतो, आणि काहींमध्ये तो बिंदू सरळ ट्रान्झिस्टरच्या बेसला जातो जिथे साधारण १८ मिलिव्होल्टच्या फरकाने कटऑफ एक सप्तक हलतो, त्यामुळे मीटरवर दिसण्यासारखं काही होतच नाही. दोन्ही प्रकारात आपलं काम सारखंच आहे.

मीटरची टोकं घसरून शेजारच्या पायाला लागू देऊ नका. टोकावर हीटश्रिंक चढवून फक्त दोन एमएम उघडं ठेवलं तर चांगलं.

सोल्डर करायच्या आधी सेल लावून बघा

ही पायरी गाळायची नाही. आयर्न गरम करायच्या आधीच मॉड चालतं की नाही ते कळतं, आणि मोजमापही होतं.

सिंथ बंद करा. एका हुक क्लिपने १०० के चा रेझिस्टर त्या समिंग पॉइंटला, म्हणजे मघाच्या रेझिस्टरच्या आतल्या पायाला, पकडवा. दुसऱ्या क्लिपने एका साध्या पेन्सिल सेलचं मायनस ग्राउंडला. आता सिंथ चालू करा, मिक्सरचे सगळे स्लाइडर खाली म्हणजे ऑसिलेटर बंद, रेझोनन्स पूर्ण वर, फिल्टरचे एन्व्हलप, मॉड आणि कीबोर्ड तिन्ही शून्यावर, व्हीसीएचा (आवाजाची पातळी ठरवणारा भाग) स्विच गेटवर, होल्ड चालू. फिल्टरची शिट्टी ऐकू येईल. फ्रिक्वेन्सी स्लाइडरने ती ४४० हर्ट्झवर आणा, मोबाइलवर कुठलंही ट्यूनर अॅप चालेल.

आता रेझिस्टरचं मोकळं टोक सेलच्या प्लसला टेकवा. शिट्टी एकदम वर उडी मारेल. सेल दीड व्होल्टचा, आणि हिशोब एका व्होल्टला एक सप्तक असा बसला असेल तर शिट्टी दीड सप्तक वर जाते, म्हणजे साधारण १२४४ हर्ट्झ. भजनाला बसणाऱ्या घरातले असाल तर ट्यूनरही नको: पहिल्या शिट्टीला सा धरा, सेल टेकवल्यावर तार सप्तकातला तीव्र मध्यम लागला पाहिजे. कान लगेच सांगतो. सेल एकदम नवा असेल तर १.६ व्होल्टपर्यंत असतो, मग थोडं वर जाईल, आधी मीटरने मोजून घ्या म्हणजे गोंधळ नाही.

समजा तेवढं वर गेलंच नाही, दीडऐवजी एकच सप्तक वर गेलं, म्हणजे १८ ऐवजी १२ सेमिटोन. मग रेझिस्टर त्याच प्रमाणात कमी करायचा: १०० के गुणिले १२ भागिले १८, येतात जवळपास ६७ के, बाजारात ६८ के मिळतो तो लावा. जास्त वर गेलं तर उलट, किंमत वाढवा. कीबोर्डकडून येणाऱ्या रेझिस्टरची किंमत मघाशी लिहून ठेवायला सांगितली ती यासाठीच, कीबोर्डचं व्होल्टेजही एका व्होल्टला एक सप्तक असंच असतं, त्यामुळे त्याच किमतीपासून सुरुवात केली तर बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात जवळ पोचता. अगदी तंतोतंत पाहिजे असं मात्र काही नाही. फिल्टरवर राग वाजवायचा नसेल तर दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे कोणाला ऐकू येत नाही.

सेल उलटा टेकवला तर शिट्टी खाली जाते. तेही करून बघा, काही बिघडत नाही, कारण मध्ये तो रेझिस्टर आहे. १२ व्होल्ट जरी चुकून आले तरी १०० के मधून ०.१२ मिलिअँपच जातो. हा रेझिस्टरच तुमचा बंदोबस्त आहे, त्याच्याशिवाय समिंग पॉइंटला काहीही थेट लावायचं नाही.

आता सोल्डरिंग

सेल काढा. जुन्या बोर्डावरचं तांबं उष्णतेने चटकन सुटतं, म्हणून शक्यतो खालच्या पॅडला हात लावायचाच नाही. वरच्या बाजूने, आधीच्या रेझिस्टरचा जो पाय बाहेर दिसतोय त्यालाच नव्या रेझिस्टरचा पाय छोटा आकडा करून अडकवा, आयर्न दोन-तीन सेकंद, सोल्डर वाहिलं की उचला. नव्या रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला वायर जोडून पूर्ण रेझिस्टरवर हीटश्रिंक चढवा, नाहीतर तो वाकून शेजारी टेकतो. रेझिस्टर बोर्डाच्याच बाजूला ठेवायचा, जॅकच्या बाजूला नाही, कारण समिंग पॉइंटपासून लांब उघडी वायर नेली की ती अँटेनासारखी सगळी घरघर गोळा करते.

पुढची जोडणी अशी: जॅकची टिप (प्लगच्या टोकाला लागणारा पाय) पॉटच्या एका कडेच्या पायाला, जॅकचा बाहेरचा भाग आणि पॉटचा दुसरा कडेचा पाय दोन्ही ग्राउंडला, पॉटचा मधला पाय त्या रेझिस्टरच्या वायरला. झालं, एवढंच सर्किट आहे. पॉट बाहेरून येणारं व्होल्टेज किती आत सोडायचं ते ठरवतो. जॅकचा तिसरा, स्विचवाला पाय ग्राउंडला जोडा, म्हणजे काही लावलेलं नसताना इनपुट शांत राहतं. काही जण तिथे आतलं ५ व्होल्ट आणून सोडतात, मग प्लग नसताना तो पॉटच दुसरा कटऑफ बनतो, कल्पना चांगली आहे पण पहिल्या वेळेला नको.

काम झालं की टाक्याच्या आजूबाजूला राहिलेला फ्लक्स अल्कोहोल आणि ब्रशने घासून काढा. इतर ठिकाणी लोक हे टाळतात आणि खपून जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते माहीतच आहे, तो चिकट थर ओलावा धरतो आणि मग बिंदू-बिंदूंमधून बारीक गळती सुरू होते, फिल्टर आपोआप हळूहळू सरकायला लागतो आणि माणूस चिप खराब झाली म्हणून चिप बदलायला निघतो.

जॅक आणि पॉट कुठे बसवायचे

पुढच्या पॅनेलला भोक पाडू नका. कितीही जागा दिसली तरी नको. ते छापलेलं पॅनेल परत मिळत नाही. मागच्या बाजूला जॅकच्या ओळीत पाडलेलं भोक एकवेळ ठीक आहे, पण तेही मी सहा महिने तरी पुढे ढकलेन. त्यापेक्षा दोन कोअरची बारीक केबल दोन झाकणांच्या मधल्या फटीतून बाहेर काढा, आत केबल टायने बांधा म्हणजे ओढली तरी टाक्यावर ताण येणार नाही, आणि जॅक-पॉट एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत बसवून ती डबी सिंथच्या बाजूला चिकटवा. दिसायला थोडं जुगाड वाटतं खरं, पण वाजवता वाजवता हात नेमका कुठे जातो, पॉट डावीकडे हवा की मागे, हे वापरल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा पाडलेलं भोक सरकवता येत नाही.

झाकण लावायच्या आधी एका कागदाच्या पट्टीवर कुठल्या नंबरच्या रेझिस्टरला काय जोडलंय, किती किमतीचं, तारीख, सगळं लिहून आत चिकटवा. पुढे हा सिंथ दुसऱ्या कोणी उघडला तर त्याचे दोन दिवस वाचतील.

पेडल

माझ्या मते या मॉडचं खरं सुख पेडलमध्ये आहे. लग्नाच्या बँडात किंवा नाटकाच्या पिटात दोन कीबोर्डवर दोन हात अडकलेले असतात, फिल्टर उघडायला तिसरा हात नसतो, पाय मात्र मोकळा असतो.

एक्स्प्रेशन पेडल म्हणजे आत एक पॉट असतो, बहुतेक १० के चा, आणि स्टिरिओ प्लग. रोलँडच्या पद्धतीत टिपला पॉटचा मधला पाय, रिंगला (प्लगवरच्या मधल्या कड्याला) सप्लाय आणि बाहेरच्या भागाला ग्राउंड असतं. यामाहाच्या पेडलमध्ये टिप आणि रिंग उलटे असतात, त्यामुळे विकत घ्यायच्या आधी मीटर लावून बघा: पेडल हलवताना ज्या दोन टोकांमधली किंमत बदलत नाही ती सप्लाय आणि ग्राउंडची, उरलेलं मधल्या पायाचं.

पेडलला व्होल्टेज सिंथच्या आतून काढायची गरज नाही. तीन पेन्सिल सेलचा होल्डर घ्या, ४.५ व्होल्ट होतात, म्हणजे साधारण चार सप्तकांचा पल्ला, पुरे झाला. सेलचं प्लस १ के च्या रेझिस्टरमधून स्टिरिओ सॉकेटच्या रिंगला, मायनस बाहेरच्या भागाला, सॉकेटची टिप आपल्या ३.५ एमएम केबलच्या टिपला, आणि केबलचा बाहेरचा भाग सेलच्या मायनसला. तो १ के विसरू नका, प्लग आत सरकवताना क्षणभर रिंग आणि ग्राउंड एकमेकांना टेकतात, तेव्हा सेल शॉर्ट होऊ नयेत म्हणून तो आहे. करंट अर्धा मिलिअँपही लागत नाही, त्यामुळे सेल महिनोन्महिने चालतात, तरी वाजवून झालं की पेडलचा प्लग काढून ठेवा, कारण पेडल लागलेलं असलं की सेल थोडे थोडे उतरत राहतात.

वाजवताना फ्रिक्वेन्सी स्लाइडर अगदी खाली ठेवू नका, पेडल पूर्ण वर असताना, म्हणजे पाय उचललेला असताना, आवाज जेमतेम ऐकू येईल इतका ठेवा आणि वरचं टोक डबीवरच्या पॉटने बांधा. नाहीतर पेडलचा अर्धा प्रवास शांततेत जातो आणि उरलेल्या अर्ध्यात सगळं एकदम फुटतं. रेझोनन्स मध्याच्या थोडा वर, सब ऑसिलेटर (खालच्या सप्तकातला सूर देणारा) सोबत, आणि बेसची एकच ओळ धरून पायाने हळूहळू उघडत न्या, मग कळेल हणजूणला लोक सकाळपर्यंत कशावर नाचत होते.

मोबाइलच्या हेडफोन आउटमधून गाणंही या इनपुटला लावून बघता येतं. तिथून संथ व्होल्टेज येत नाही, कारण ते आउटपुट डीसी अडवतं, पण आवाजाच्या वेगाने फिल्टर थरथरतो आणि सुरात एक खरखरीत गुरगुर येते. घुमटाचं (गोव्याचं मातीचं तालवाद्य) रेकॉर्डिंग लावलं तर प्रत्येक थापेला फिल्टर ओरडतो, एकदा ऐकाच.

काही बिघडलं तर

पेडल हलवताना खरखर येत असेल तर आधी प्लग आणि पेडलचा पॉट साफ करा, आपल्या खाऱ्या हवेत कॉन्टॅक्ट हिरवे पडायला एक पावसाळा पुरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, दाराच्या बिजागरीला मारतात तो गंज काढायचा स्प्रे सिंथच्या स्लाइडरमध्ये मारू नका, तो आतलं ग्रीस धुवून नेतो आणि मग स्लाइडर कायमचा कोरडा होतो.

घूंSS असा हम येत असेल तर सिंथ सेलवर चालवून बघा. सेलवर गेला तर दोष अडॅप्टरचा किंवा ग्राउंड दोन वाटांनी फिरतोय त्याचा, मॉडचा नाही. सेलवरही राहिला तर जॅकचं ग्राउंड सुटलंय किंवा स्विचचा पाय जोडायचा राहिलाय.

मॉडनंतर काहीच लावलेलं नसतानाही कटऑफ पूर्वीपेक्षा थोडा सरकला असं वाटलं, तर पॉट शून्यावर करून बघा. शून्यावर आणि वर दोन्हीकडे आवाज तोच राहिला तर मॉड निर्दोष आहे. बदलला तर स्विचचा पाय ग्राउंडला नीट पोचलेला नाही. बोर्डावर जे छोटे ट्रिमर दिसतात ते या कारणासाठी फिरवायला जाऊ नका, ते फॅक्टरीत मीटर लावून बसवलेले असतात आणि एक सरकवला की बाकीचे मागोमाग सरकवावे लागतात.

आणि फिल्टर एकदम पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद होऊन बसला, कुठलाच स्लाइडर ऐकत नाही असं झालं, तर घाबरून चिप काढायला घेऊ नका. नव्वद टक्के वेळा सोल्डरचा एखादा बारीक थेंब शेजारच्या पायाला टेकलेला असतो. सेल काढा, नवा रेझिस्टर सोडवा, टॉर्च आणि भिंगाने त्या जागेच्या आजूबाजूला दोन इंच नीट बघा, ब्रश फिरवा, परत चालू करा.